गुंतवणूक क्षेत्रातली पहिली नोकरी: तीन ऑफर्स आहेत, कोणती घ्यावी?

सप्तपर्णी

नमस्कार मंडळी. इथल्या करिअर विभागात बहुतेक चर्चा आयटीच्या असतात. तरी जुन्या धाग्यांवरून दिसतं की फंडांत काम करणारे, बँकेतले, कारखानदार असे बरेच जण इथे वाचतात, म्हणून विचारते.

मी सीए आहे. आर्टिकलशिप पुण्यात केली, त्यानंतर एका मोठ्या अकाउंटिंग फर्मच्या ड्यू डिलिजन्स टीममध्ये आहे. एखादा फंड कंपनीत पैसे घालणार असला की त्या कंपनीचे हिशेब आम्ही उकरतो. खरा नफा किती, खेळतं भांडवल कुठे अडकलंय, कर्जासारखी देणी कुठे लपली आहेत, हे सगळं. काम आवडतं, पण अहवाल दिला की आमचा संबंध संपतो. सौदा झाला की मोडला, पुढे त्या कंपनीचं काय झालं, हे आम्हाला पेपरात कळतं. मला पैसे लावणाऱ्यांकडे काम करायचं आहे. बऱ्याच मुलाखतींनंतर तीन ऑफर्स आल्या आहेत.

पहिली मुंबईची, लोअर परळ. प्रायव्हेट क्रेडिट फंड, म्हणजे कंपन्यांना आणि बिल्डरांना एनसीडीच्या (अपरिवर्तनीय कर्जरोख्यांच्या) रूपाने कर्ज देणारा. असोसिएट पद, २४ लाख पक्के, वर बोनस.

दुसरी कोरेगाव पार्कची. छोटा प्रायव्हेट इक्विटी फंड, म्हणजे कंपन्यांत हिस्सा विकत घेणारा, २५० कोटींचा, पाच जणांची टीम. मध्यम आकाराचे कारखाने आणि आरोग्यसेवा यांत पैसे घालतात. १७ लाख. कॅरीमध्ये (फंडाच्या नफ्यातल्या, चालवणाऱ्यांना मिळणाऱ्या हिश्श्यात) तुलाही वाटा असेल असं मुलाखतीत म्हणाले, ऑफरच्या पत्रात मात्र तसा उल्लेख नाही.

तिसरी खराडीची. परदेशी गुंतवणूक कंपनीचं इथलं केंद्र. काम पोर्टफोलिओ मॉनिटरिंग आणि व्हॅल्युएशनचं. २६ लाख, वेळ दुपारी १२ ते रात्री ९, आठवड्यातले दोन दिवस घरून.

घर कर्वेनगरला, आईबाबा आणि शेवटच्या वर्षाला असलेला धाकटा भाऊ. घरात पैशांची ओढाताण नाही, पण माझा पगार लागतो. मनाचा ओढा कोरेगाव पार्ककडे आहे, कारण इक्विटी हीच खरी गुंतवणूक असं डोक्यात बसलंय, आणि घरही सोडावं लागत नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. कृपया स्पष्ट लिहा.

पाचदहाचीगाडी

मुंबईचं ठरलं तर रोज पुण्याहून जाण्याचा विचार करू नकोस. मी बरीच वर्षं पास काढून जातो आहे. डेक्कन क्वीन सकाळी ७.१५ ला पुणे सोडते, १०.२५ ला सीएसएमटीला पोचते, आणि परतीची ५.१० ला सुटते. माझ्या ऑफिसच्या वेळा ठरलेल्या आहेत म्हणून मला जमतं. सौद्याचे कागद रात्री दहानंतर फिरतात अशा नोकरीला हे जमणार नाही. वडाळा, शिवडी, परळ या बाजूला एखादी मैत्रीण बरोबर घेऊन जागा बघ आणि शनिवार-रविवारी शिवनेरीने ये. भाड्यात आणि येण्याजाण्यात जे जाईल ते २४ मधून आधी वजा कर, मगच पुण्याच्या आकड्यांशी तुलना कर.

खराडीकर

मी अशाच एका केंद्रात आहे, म्हणून तिसऱ्या ऑफरबद्दल लिहितो. बाहेर या कामाला बॅक ऑफिस म्हणून हिणवतात, ते बरोबर नाही. दर तिमाहीला साठेक कंपन्यांचे आकडे आमच्यासमोर येतात. प्रत्येकीचं रास्त मूल्य काढायचं. तशाच सूचीबद्ध कंपन्या नफ्याच्या किती पटीला चालल्या आहेत, मागच्या गुंतवणूक फेरीचा भाव अजून धरता येतो का, रोखप्रवाहाचं गणित काय सांगतं. एका कंपनीचं मूल्य खाली आणायलाच हवं म्हणून आमच्या मॅनेजरबाई परदेशातल्या सौदेवाल्या टीमशी तिमाहीभर भांडल्या आणि शेवटी त्यांचंच मान्य झालं, हे मी जवळून पाहिलं आहे. इथल्या फंडांसाठीही सेबीने २०२३ पासून मूल्यांकनाची एकसारखी पद्धत आणि स्वतंत्र मूल्यांकक बंधनकारक केला आहे. त्यामुळे हे कौशल्य वाया जात नाही.

पण तू जे मागते आहेस ते इथे मिळणार नाही. पैसे लावायचे की नाही, हा निर्णय या इमारतीत होत नाही. इथून थेट गुंतवणूक टीममध्ये गेलेले लोक आहेत, पण मोजके, आणि बहुतेक सगळे पहिल्या दोन-तीन वर्षांत गेलेले. त्यानंतर पगार इतका चढतो की देशातला मध्यम फंड तेवढा देऊ शकत नाही, आणि गृहकर्ज डोक्यावर असलेला माणूस जागचा हलत नाही. त्यांना थेट विचार: पुण्यातून गुंतवणूक टीममध्ये कोण गेलं आहे, आणि त्या व्यक्तीशी फोनवर बोलता येईल का? उत्तर गुळमुळीत आलं तर समज.

जमाखर्च

सप्तपर्णी, वयाने मोठा आहे म्हणून एकेरीत लिहितो. मी दोन फंडांत काम करून आता एका कंपनीत सीएफओ आहे, ज्या कंपनीत फंडाचाच पैसा आहे. तुझ्या पोस्टमध्ये इक्विटी, क्रेडिट, पगार, शहर सगळं आलं. फंडाचं वय आलेलं नाही, आणि मला सगळ्यात आधी तेच हवं आहे.

असे फंड मुदतबंद असतात. सेबीच्या २०१२ च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक फंड) नियमांत पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या योजनेची मुदत किमान ३ वर्षं आहे. प्रत्यक्षात इक्विटी फंड सात-आठ वर्षांचे असतात, आणि मूल्याने दोन तृतीयांश गुंतवणूकदार तयार असतील तर आणखी २ वर्षांपर्यंत वाढवता येतात. पहिली चार-पाच वर्षं पैसे लावायचे, नंतर कंपन्या सांभाळायच्या, शेवटी विकून पैसे परत करायचे. तू कितव्या वर्षी आत शिरतेस, त्यावर तुझा रोजचा दिवस ठरतो. दुसऱ्या वर्षी गेलीस तर कंपन्या शोधशील, कारखाने पाहशील, गुंतवणूक समितीसाठी टिपण लिहिशील, त्यातली दहापैकी आठ-नऊ प्रकरणं नाकारली जाताना बघशील. सातव्या वर्षी गेलीस तर नवी कंपनी एकही नाही. उरलेल्या कंपन्यांना गिऱ्हाईक शोधायचं, गुंतवणूकदारांना तिमाही पत्रं लिहायची आणि पुढच्या फंडासाठी सादरीकरणं करायची. पदाचं नाव तेच, पगार तोच, काम पूर्ण वेगळं.

पगार कुठून येतो तेही बघ. २५० कोटींवर २ टक्के फी धरली तर वर्षाला ५ कोटी. गुंतवणुकीचा काळ संपला की ही फी साधारणपणे अजून अडकून असलेल्या रकमेवरच मिळते. दोन-तीन कंपन्या विकून १२० कोटी उरले असतील तर फी राहिली २.४ कोटी. त्यात पाच जणांचे पगार, कोरेगाव पार्कचं भाडं, वकील, ऑडिट, प्रवास. दुसरा फंड उभा राहिला नाही तर तुझी पगारवाढ कशातून करणार?

आता कॅरी. भारतात गुंतवणूकदारांना आधी ठरावीक परतावा द्यायचा, बऱ्याचदा १० टक्के चक्रवाढीने, आणि त्यानंतरच नफ्याचा साधारण पाचवा हिस्सा फंड चालवणाऱ्यांना मिळतो. समज, २५० कोटी पहिल्याच दिवशी घेतले आणि आठ वर्षांनी एकरकमी परत केले. १० टक्क्यांनी त्यांचे ५३६ कोटी व्हायला हवेत. म्हणजे २०० कोटी नफा मिळवूनही कॅरी शून्य. खरं तर पैसे टप्प्याटप्प्याने घेतात आणि परतही टप्प्याटप्प्याने देतात, त्यामुळे अट इतकी कडक राहत नाही, पण वेळ किती महाग असतो ते यातून कळेल. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला २६ टक्के, सहा वर्षांत दुप्पट म्हणजे १२ टक्के. जुन्या फंडातल्या कॅरीचं आश्वासन ऐकताना विचार: हर्डल, म्हणजे ही ठरावीक परताव्याची अट, पार झाली आहे का, आणि माझा वाटा कुठल्या फंडात?

सप्तपर्णी

सगळ्यांचे आभार. जमाखर्च काका, तुमची पोस्ट वाचून दोन्ही फंडांना फोन केले.

कोरेगाव पार्कचा फंड २०१९ चा, मुदत आठ वर्षं. सहा कंपन्यांत पैसे घातले होते, दोन विकल्या, चार उरल्या. दुसऱ्या फंडाची सेबीकडे नोंदणी झाली आहे, फर्स्ट क्लोज, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशांचा पहिला टप्पा, अजून झालेला नाही. भागीदारांनी हे न लपवता सांगितलं, त्याबद्दल मला आदर वाटला. कॅरी दुसऱ्या फंडात असेल, असं आता म्हणाले.

लोअर परळचा हा त्यांचा दुसरा फंड. गेल्या वर्षी ९०० कोटी जमवून त्यात नवे पैसे घेणं बंद झालं, निम्म्याहून कमी रक्कम लावून झाली आहे. पहिल्या फंडातलं बहुतेक मुद्दल परत आलं आहे, तीन कर्जं बाकी.

म्हणजे काका म्हणतात तसं, इक्विटीच्या ओढीने मी जिथे जाऊ पाहत होते तिथे पहिले काही महिने तरी नवीन सौदा नाही.

अबोली

मी एका इक्विटी फंडात आहे, मुंबईत. जमाखर्च यांच्या मताशी थोडी असहमत.

नवीन सौदे करायला मिळणं छान असतं, पण विक्री बघायला मिळणं त्याहून दुर्मीळ. असोसिएट म्हणून घेतलेली मुलं तीन वर्षांत नोकरी बदलतात आणि आपण ज्या कंपनीत पैसे घातले तिचा शेवट त्यांना दिसतच नाही. पुण्यातलंच उदाहरण घ्या. सह्याद्री हॉस्पिटल्समध्ये २०१९ मध्ये एव्हरस्टोन हा इक्विटी फंड आला, २०२२ मध्ये कॅनडातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने, म्हणजे ओंटारिओ टीचर्सने, बहुमताचा हिस्सा घेतला, आणि २०२५ मध्ये मणिपाल हॉस्पिटल्सने खरेदी जाहीर केली. पेशंटच्या दृष्टीने कर्वे रोडजवळचं हॉस्पिटल तेच. पण दर हस्तांतरणात एक टीम सिद्ध करत होती की या खाटांमधून अजून वाढ निघेल, आणि समोरची टीम ते तपासत होती. विकणाऱ्याच्या बाजूने बसलं की कळतं, घेताना लिहिलेल्या टिपणातलं काय खरं ठरलं. अँटीव्हायरस बनवणाऱ्या क्विक हीलमध्ये सिक्वोया या फंडाने २०१० मध्ये पैसे घातले आणि शेअर बाजारात नोंदणी झाली फेब्रुवारी २०१६ मध्ये. या सहा वर्षांचा शेवटचा तुकडा ज्याने जवळून पाहिला, त्याच्याशी बोलताना फरक जाणवतो.

चार कंपन्या विकायच्या बाकी आहेत आणि टीम पाच जणांची आहे. म्हणजे तू प्रत्येक वाटाघाटीत असशील. मोठ्या फंडात हे तुझ्या वयाच्या मुलीला मिळत नाही. धोका फक्त दुसऱ्या फंडाचा आहे, आणि तो खरा आहे.

आणखी एक, तीनही ठिकाणी विचार: गुंतवणूक टीममध्ये बायका किती, त्यातली कोणी बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन सौदे करते आहे का. हे विचारायला संकोच करू नकोस.

जमाखर्च

अबोली यांचा मुद्दा योग्य आहे आणि तो मी कमी लेखला होता. तरी माझं म्हणणं सोडत नाही. विक्री शिकायला आधी खरेदीचं टिपण स्वतः लिहिलेलं असावं लागतं. दुसऱ्याने २०२० मध्ये लिहिलेलं मॉडेल दुरुस्त करून विकणं आणि स्वतःचा अंदाज सहा वर्षांनी तपासणं यांत फार अंतर आहे.

लेथमशीन

भोसरीत माझा सुट्या भागांचा कारखाना आहे. मी दोन्ही प्रकारचा पैसा घेतलेला माणूस आहे, त्यामुळे पलीकडून कसं दिसतं ते सांगतो.

सप्तपर्णीताई, इक्विटी फंडाची माणसं आमच्याकडे यायची तेव्हा गोड बोलायची, कारण त्यांना आमच्यासोबत सहा-सात वर्षं काढायची होती. पुढची पिढी काय करणार, एकाच गाडीकंपनीवर किती अवलंबून, इलेक्ट्रिक गाड्या आल्या तर तुमचा कुठला पार्ट बंद होणार, असे प्रश्न. क्रेडिट फंडाचे लोक आले ते पहिल्याच दिवशी जमिनीचा सातबारा, एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याचे कागद, बँकेचा पहिला बोजा आणि माझी वैयक्तिक हमी घेऊन बसले. व्याज १८ टक्के. माझे शेअर्सही तारण घेतले. ते कठोर वाटलं, पण बँक दोन महिने फाइल फिरवत होती आणि मला मशिनरीची ऑर्डर तेव्हाच द्यायची होती. त्यांनी तीन आठवड्यांत पैसे दिले. फेडले, बोजा उतरवला, आज त्यांच्याबद्दल राग नाही.

सांगायचं हे की दोन्हीकडून आलेल्या तरुण पोरांमध्ये मला एकच फरक महत्त्वाचा वाटला. काही जण फक्त एक्सेल उघडून बसायचे. क्रेडिटवाल्यांपैकी एक मुलगी मात्र स्टोअरमध्ये गेली, गंजलेला माल बघून विचारलं की हा साठा ताळेबंदात कितीला धरला आहे. मार्चमध्येच डिस्पॅच का फुगतो हेही तिनेच विचारलं. तिच्या साहेबांनी तिला एकटीला पाठवलं होतं आणि तिच्या शब्दावर कर्जाची रक्कम कमी केली. मला तेव्हा त्रास झाला, पण ती मुलगी काम शिकत होती. तुम्हाला एकटीला कारखान्यात पाठवतील का, आणि तुमचं ऐकतील का, हे बघा.

सप्तपर्णी

लेथमशीन काका, हे फार उपयोगाचं आहे. तसं विचारते दोघांनाही.

क्रेडिटबद्दल माझी एक भीती आहे. त्यात शिकायला कमी आहे का? व्याज ठरलेलं, तारण घेतलेलं, मग डोकं कुठे लागतं?

तारणगहाण

सगळं डोकं त्यातच लागतं :) मी गेली काही वर्षं प्रायव्हेट क्रेडिटमध्ये आहे, पुण्यातल्या बिल्डरांची आणि कारखान्यांची प्रकरणं पाहतो. जरा सविस्तर लिहितो.

हा धंदा भारतात वाढला कसा ते आधी. सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसे पुरवणाऱ्या आयएलअँडएफएसने हप्ते थकवले, पुढच्या वर्षी गृहकर्ज देणारी डीएचएफएल कोसळली, आणि बिल्डरांना पैसे देणाऱ्या एनबीएफसींचा (बँक नसलेल्या वित्त कंपन्यांचा) हात एकदम आखडला. बँका जमीन घ्यायला किंवा प्रवर्तकाला हिस्सा विकत घ्यायला सहसा पैसे देत नव्हत्या. ती जागा दुसऱ्या वर्गातल्या एआयएफनी भरली. रखडलेल्या घरांसाठी सरकारनेही २०१९ मध्ये २५,००० कोटींची स्वामीह फंडाची खिडकी उघडली, तीही याच एआयएफच्या चौकटीत. दुसरा आधार २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा. त्याआधी वसुली वर्षानुवर्षं रेंगाळायची. आता कायद्यात ३३० दिवस लिहिलेले आहेत. एनसीएलटीत (कंपनी कायदा न्यायाधिकरणात) प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, पण प्रवर्तकाच्या मनात कंपनी हातची जाण्याची भीती आहे, आणि वाटाघाट त्या भीतीवर चालते.

आता गणित. ५० कोटींची दहा कर्जं, १८ टक्क्यांनी. प्रत्येकाचं वर्षाचं व्याज ९ कोटी. एक कर्ज पूर्ण बुडालं तर ५० कोटी गेले, म्हणजे दुसऱ्या एका चांगल्या कर्जाचं साडेपाच वर्षांचं व्याज. इक्विटीत तीन कंपन्या बुडाल्या तरी एक पाचपट होऊन भरून काढते. आमच्याकडे चांगलं चाललं तरी १८ च्या वर काही मिळत नाही. त्यामुळे आम्ही कंपनी किती मोठी होईल हे विचारत बसत नाही. काय काय बिघडू शकतं, बिघडलं तर पहिला पैसा कुठून येईल आणि तो आपल्यापर्यंत पोचायच्या आत मध्ये कोण उभं आहे, हे विचारतो.

पुण्यातलं नेहमीचं प्रकरण घे. बाणेर-बालेवाडीकडे एक इमारत, बिल्डरला ४० कोटी हवेत. रेरा कायद्यात ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर वापरायची असते. नवख्याला वाटतं की सगळी विक्री आपल्या एस्क्रोत, म्हणजे कर्जफेडीसाठी वेगळ्या ठेवलेल्या खात्यात, येईल. तसं होत नाही. त्या ७० टक्क्यांतून आपल्याला कधी आणि किती मिळू शकतं, हे बांधकामाच्या टप्प्यावर अवलंबून. मग विक्रीचा वेग निम्मा झाला तर काय, सिमेंट-स्टील वाढलं तर काय, शेजारच्या प्रकल्पाने भाव पाडला तर काय. तू शनिवारी गिऱ्हाईक म्हणून त्या साइटच्या सेल्स ऑफिसमध्ये जाशील, आणि रात्री दिवे लागलेली घरं मोजशील. टर्म शीटमधली (कर्जाच्या अटींच्या मसुद्यातली) प्रत्येक अट वकिलाबरोबर बसून लिहावी लागते. शब्द ढिला राहिला तर दोन वर्षांनी तोच शब्द कोर्टात वाचला जातो. तुझं ड्यू डिलिजन्सचं शिक्षण इथे पहिल्या दिवसापासून कामी येईल.

उणी बाजूही सांगतो. इथून पुढे निव्वळ वाढीच्या इक्विटीत जायचं तर लोक शंका घेतात: धोका मोजायला शिकलीस, संधी ओळखता येते का? तीन-चार वर्षांनंतर ही शंका घट्ट होते. आणि फंडात फक्त बिल्डरांची कर्जं असतील तर तू बिल्डर-कर्जातली तज्ज्ञ होशील, क्रेडिटमधली नाही. ९०० पैकी बांधकाम क्षेत्र किती आणि कारखाने-सेवा किती, हे विचारून घे.

पासबुक

राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज विभागातूनच निवृत्त झालो. तारणगहाण यांनी उत्तम लिहिलं आहे. त्यात भर.

मुद्दल परत आलं असं फंड सांगतो तेव्हा ते कशातून परत आलं हे विचारावं, बाई. कंपनीच्या कमाईतून आलं, तारण विकून आलं, की दुसऱ्या कोणाचं नवं कर्ज काढून आलं? रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये बँका आणि एनबीएफसींच्या एआयएफमधल्या गुंतवणुकीवर बंधनं आणली, त्यामागे हीच काळजी होती. आपल्याच थकलेल्या कर्जदाराला फंडाच्या वाटेने पैसे पोचवून खातं चांगलं दाखवलं जात होतं. तुमचा फंड तसा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण पहिल्या फंडातल्या किती कर्जांची मुदत वाढवली, किती ठिकाणी व्याज न घेता मुद्दलात चढवलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

काही गोष्टी तर न विचारता कळतात. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एआयएफची यादी आहे, नोंदणीची तारीख बघा. कर्जदार कंपन्यांची नावं बातम्यांतून मिळाली तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यांच्यावरचे बोजे दिसतात. फंडाचं नाव शोधू नका, एनसीडीचा बोजा बहुधा डिबेंचर ट्रस्टीच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या वतीने तारण सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नावावर असतो. कधी चढला, कधी उतरला, त्याच आठवड्यात दुसरा चढला का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ उमगतं. तुमच्यासारख्या सीएला संध्याकाळभराचं काम.

सप्तपर्णी

पासबुक काका, बसले आणि पाहिलं. तीन नावं सापडली. दोघांचे बोजे उतरल्यानंतर नवीन काही नाही. तिसऱ्याचा उतरला त्याच महिन्यात दुसऱ्या ट्रस्टीच्या नावाने मोठ्या रकमेचा चढला आहे. फंडातल्या ज्या व्हीपींच्या हाताखाली मला काम करायचं आहे त्यांना मी हे सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, हो, ते रिफायनान्स, म्हणजे नवं कर्ज काढून जुनं फेडणं, होतं, आम्हाला बाहेर पडायचं होतं आणि दुसऱ्याला आत यायचं होतं. मग बाकी असलेल्या तीन कर्जांपैकी एकाची मुदत दोनदा वाढवली आहे आणि ते प्रकरण एनसीएलटीत जाणार आहे, हेही सांगितलं. आलीस तर पहिल्या वर्षी तू त्यावर असशील, म्हणाल्या. बांधकाम साधारण चाळीस टक्के, बाकी औषध, वाहनांचे सुटे भाग, शिक्षणसंस्था.

साइटवर एकटीला पाठवता का या प्रश्नावर कोरेगाव पार्कचे भागीदार म्हणाले, भेटी आम्हीच करतो. लोअर परळला सहा महिन्यांनंतर असोसिएट एकटे जातात. गुंतवणूक समितीत मतदान नाही, पण टिपण ज्याने लिहिलं त्यानेच मांडायचं असा त्यांचा नियम आहे.

मी लोअर परळ घेते आहे. आईला वाईट वाटलं, बाबांना नाही. खराडीला काल नकार कळवला. कोरेगाव पार्कच्या भागीदारांना प्रत्यक्ष जाऊन सांगितलं, दुसरा फंड उभा राहिला की फोन करा असंही म्हणाले.

पत्रात आता एक अडचण आहे. दोन लाख जॉइनिंग बोनस, दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत. नोटीस ९० दिवस. आणि सोडल्यावर एक वर्ष दुसऱ्या कुठल्याही क्रेडिट फंडात काम करायचं नाही, असं कलम आहे. सही करू का?

अबोली

अभिनंदन! मी इक्विटीच्या बाजूने बोलत होते, तरी तुझी कारणं वाचून पटलं. थकलेलं प्रकरण पहिल्याच वर्षी हातात येणं मोठी गोष्ट आहे.

वकीलपत्र

उशिरा आलो, पण शेवटच्या प्रश्नापुरतं लिहितो.

नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करू नये, अशी बंदी भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ खाली टिकत नाही. गुपितं बाहेर न नेणं, कर्जदारांची माहिती न वापरणं, ही बंधनं मात्र टिकतात आणि ती पाळलीच पाहिजेत. ठरावीक काळ नोकरी करण्याचा बाँड वेगळा. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. त्यामुळे बोनस परतीचं कलम पोकळ धमकी समजू नका.

तरी कलम टिकणार नाही म्हणून सही करून टाका, असा सल्ला मी देणार नाही. पुढचा मालक असं कलम बघून बिचकतो आणि तुमचे दोन महिने स्पष्टीकरणात जातात. एचआरला आज मेल करा. एक वर्षाची बंदी काढून त्याजागी फंडाच्या चालू कर्जदारांशी आणि कर्मचाऱ्यांशी सहा महिने संपर्क न करण्याचं कलम घालायला सांगा, बहुतेक ठिकाणी ते मान्य होतं. बोनसची परतफेड महिन्यांच्या प्रमाणात कमी होत जावी, आणि कंपनीने काढलं तर लागू नसावी, हे दोन शब्दांत लिहून घ्या. टीडीएस कापून हातात आलेली रक्कम परत करायची की पूर्ण दोन लाख, तेही स्पष्ट असू द्या. सुधारित मसुदा आला की नावं झाकून मला व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवा, गुरुवारपर्यंत वाचून कळवतो.

सप्तपर्णी

मेल पाठवला. मसुदा आला की लगेच व्यनि करते. धन्यवाद.